अपेक्षित पगाराच्या रकान्यात काय लिहू?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "आई, नोकरीच्या अर्जांत अपेक्षित पगाराचा आकडा थोडा खाली आणला तर तरी उत्तरं येतील का?" मी नुसतं "नको" म्हणाले आणि तू चिडलीस. चिडणारच. कारण न सांगता मिळालेले नकार तुझ्याकडे सध्या भरपूर आहेत, त्यात आईने भर घालायची गरज नव्हती. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

अर्ज चाळणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा तिथे त्या रकान्याचं काय होतं ते आधी सांगते. जाहिरात निघण्यापूर्वीच त्या जागेचे पैसे मंजूर झालेले असतात. खालचा एक आकडा, वरचा एक आकडा, मधला तो बँड. जाहिरातीत छापलेला नसला तरी रिक्रूटरच्या समोर तो असतोच. अर्ज फार आले की पहिली चाळणी सॉफ्टवेअरच करतं. नोटीस पीरियड किती, अनुभव किती वर्षांचा, पगार किती हवा. यातलं एखादं उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं, तर सीव्ही न उघडताच अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणजे तुझा संशय खोटा नाही. आकड्यामुळे अर्ज मरतात.

पण सगळीकडे सारखे मरत नाहीत. एका जागेला शेकड्यांनी अर्ज आले असतील तर बँडच्या जरा वरचा माणूसही कुणी बघत नाही; बघायची गरजच नसते. जिथे हवं ते कौशल्य असलेली माणसं मोजकीच आहेत, तिथे रिक्रूटर स्वतःहून फोन करतो, "थोडं खाली येणं जमेल का?" असं विचारतो, आणि मॅनेजर वर जाऊन बजेट वाढवून आणतो. दोन्ही ठिकाणी आकडा तोच असतो. त्यामुळे 'माझा आकडा जास्त आहे का' हा प्रश्न एकटा विचारून उपयोग नाही. या जागेसाठी, या गर्दीत जास्त आहे का, असा तो विचारावा लागतो.

मॅनेजरला आणखी एक भीती असते, ती अर्ज करणाऱ्याला दिसत नाही. आधीपासून काम करणाऱ्यांचे पगार. नव्या माणसाला जास्त दिलं आणि ते बाहेर फुटलं, की जुनी माणसं दारात उभी राहतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ आणि जॅनेट येलेन या अर्थशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९९० साली यावर एक निबंध लिहिला: आपल्याला योग्य पगार मिळत नाही असं वाटलं की माणूस त्या प्रमाणात कामातला जोर काढून घेतो, आणि 'योग्य' काय हे तो शेजारच्यांशी ताडून ठरवतो. (याच येलेनबाई पुढे अमेरिकेच्या अर्थमंत्री झाल्या.) तेव्हा कधीकधी नकार तुझ्या आकड्याला नसतो, तुझ्या शेजारी ज्याची खुर्ची येणार त्याच्या पगाराला असतो. त्यावर तुझा काही इलाज नाही, पण निदान तो मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. आकडा खाली आणला की उत्तरं वाढतील, यामागचा तुझा हिशेब असा की कंपनीला माणूस स्वस्तात हवा असतो. तो तर हवाच असतो. पण आपल्या बाजारभावापेक्षा बराच कमी मागणारा अर्ज समोर आला की पहिला विचार 'वा, वाचले पैसे' असा येत नाही. 'हिचं काय बिनसलं असेल?' असा येतो. आधीच्या ठिकाणी काही झालं का? कामाचा आवाका हिला कळला नाही का? की मिळेल ते धरून चार-सहा महिन्यांत निघून जाणार? अँड्र्यू वाइस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९८० साली नेमकं हेच कोडं मांडलं होतं. दाराबाहेर बेकारांची रांग असताना कंपन्या पगार पाडून स्वस्तात माणसं का घेत नाहीत? त्याचं उत्तर असं, की चांगल्या माणसाला बाहेर जास्त मिळू शकतं म्हणून तो कमी पगाराला तयार होत नाही. जो तयार होतो त्याच्याबद्दल मालक मनातल्या मनात काहीतरी ताडतो. पारखायला दुसरं फारसं काही हाताशी नसलं की आकड्यावरूनच पारख होते. अनुभव कमी असलेल्यांच्या बाबतीत तर जास्तच, आणि तू त्याच गटात आहेस.

समज तरीही कमी आकड्यावर बोलावणं आलं. मग दुसरी अडचण सुरू होते. १९७४ साली टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं, जे १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली, आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांना १० दिसला त्यांचा अंदाज साधारण २५ वर गेला, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५ वर. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्याला चिकटून राहिलं. तू रकान्यात भरलेला आकडा तर थेट विषयाशीच संबंधित. 'मुलाखत चांगली झाली की वाढवून मागेन' म्हणतेस ना? ऑफर लिहिणारा तुझ्या अर्जावरचा आकडा समोर ठेवूनच ऑफर लिहितो. पुढची पगारवाढही त्यावरच टक्क्यांनी चढते. शंभराच्या जागी नव्वदावर सुरुवात केलीस आणि दरसाल ८ टक्के वाढ मिळत गेली, तर दहाचा फरक नऊ वर्षांत वीसचा होतो. टक्केवारी तीच राहते म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

मुलीला लिहिते आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. नीना रूसिल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एका ऑनलाइन नोकरी-बाजाराचा अभ्यास केला. तिथे आधी उमेदवाराने अपेक्षित पगार लिहायचा, तो कंपन्यांना दिसायचा, आणि मुलाखतीला बोलावताना कंपनी आपला आकडा कळवायची. सीव्ही अगदी तोलामोलाचे असूनही बायका पुरुषांपेक्षा सुमारे ३ टक्के कमी मागत होत्या, आणि कंपन्यांच्या आकड्यांतली तफावत बहुतांशी या मागणीतल्या तफावतीतूनच येत होती. मग २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांसाठी त्या साइटने एक बारीकसा बदल केला. रिकाम्या रकान्यात त्या कामाच्या पगाराचा मध्य आधीच भरून ठेवला. तो पाहिजे तर बदलता यायचा. दोन्ही तफावती जवळपास संपल्या. आणि तुझ्या भीतीशी संबंधित भाग पुढेच आहे: बायकांनी मागणी वाढवल्यावर त्यांना येणारी बोलावणी कमी झाली नाहीत. म्हणजे त्या घाबरून कमी मागत नव्हत्या तर बाजारभाव माहीत नव्हता म्हणून, असं मला तरी त्यातून दिसतं. हा एका बाजारातला, मागणी असलेल्या कामाचा अनुभव आहे. डोळे मिटून सगळीकडे लावू नकोस. पण तुझं कामही त्याच जातीचं आहे.

तेव्हा रकाना भरण्याआधी भाव शोध. त्याच हुद्द्याच्या दुसऱ्या जाहिराती, ज्यांत बँड छापलेला असतो, त्या वाच. दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या ओळखीच्या मुलामुलींना विचार. "तुला किती मिळतात?" असं विचारलं की लोक अंग चोरतात, "या कामासाठी मी किती मागणं रास्त ठरेल?" म्हटलं की मोकळेपणाने बोलतात. काही देशांत आता ही शोधाशोध कायद्यानेच कमी केली आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीत पगाराचा पल्ला देणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशात तर उमेदवाराला पगाराचा पल्ला मुलाखतीआधी कळावा आणि आधीचा पगार विचारूच नये असं म्हटलं आहे. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. जिथे असा कायदा नाही तिथे आपण होऊन विचारायला कुणी अडवत नाही. "या जागेसाठी तुम्ही कोणता पल्ला धरला आहे?" हे रिक्रूटरला पहिल्याच फोनवर विचारावं. चांगले रिक्रूटर सांगतात. त्यांनाही वेळ वाया घालवायचा नसतो.

आधीच्या पगाराचा रकाना वेगळा, तो अपेक्षित पगारात मिसळू नकोस. विचारलाच तर खोटं लिहू नकोस. सॅलरी स्लिप मागतात आणि तिथे पकडलं की ऑफर रद्द होते. पण ऐच्छिक असेल तर मोकळा सोड. बराक आणि हॉर्टन या दोघा संशोधकांनी एका ऑनलाइन कामाच्या बाजारात काही मालकांपासून उमेदवारांचे जुने दर लपवून पाहिले, तर त्या मालकांनी जास्त अर्ज बघितले, जास्त प्रश्न विचारले, आणि आधी कमी कमावणाऱ्यांना जास्त वेळा काम दिलं. आकडा दिसला नाही की माणूस बघावा लागतो.

रकान्यात नक्की काय लिहायचं? अक्षरं चालत असतील तर "कामाची व्याप्ती समजल्यावर बोलू; माझ्या माहितीनुसार इतके ते इतके" असं लिही. पल्ल्याचा खालचा आकडा तुला खरोखर चालणारा हवा, कारण समोरचा तोच ऐकतो. फक्त आकडेच स्वीकारणाऱ्या फॉर्ममध्ये शून्य किंवा एक टाकायची जी युक्ती मुलं एकमेकांना सांगतात ती मला आवडत नाही. काही ठिकाणी चालून जाते, काही ठिकाणी सॉफ्टवेअर तो अर्ज अपूर्ण समजून फेकतं, आणि वाचणारा माणूस असलाच तर त्याला ती थट्टा वाटते. बाजारभावाच्या मध्याच्या किंचित वरचा आकडा टाक. आणि हसू नकोस, पण महिन्याचा मागितला आहे की वर्षाचा, कर कापून की कापण्याआधीचा, हे दोनदा वाच. वार्षिकच्या रकान्यात मासिक आकडा भरलेले अर्ज मी इतके पाहिले आहेत की त्यात मजाही उरली नाही.

आता तुला खरंच उपयोगी पडेल असं. तुला उत्तर येत नाही ते आकड्यामुळेच, हे तू कशावरून ठरवलंस? तुझ्या अर्जांची यादी काढ आणि वेगळी कर. ज्या फॉर्मांत पगार विचारलाच नव्हता तिथूनही शांतताच असेल, तर दोष आकड्याचा नाही. सीव्ही नाहीतर जागांची निवड बघायला हवी. पगार विचारणारे फॉर्म गप्प आणि न विचारणारे बोलत असतील, तर आकडा संशयित. फोन येतो, गप्पा छान होतात आणि पगाराचा विषय निघाल्यावर गाडी थांबते, तर तो नक्कीच आकडा, किंवा तू तो ज्या सुरात सांगतेस तो सूर. एकदम खाली येणारा सूर मला ओळखीचा आहे. "पण मी ॲडजस्ट करेन" हे तू समोरच्याने काही म्हणायच्या आतच म्हणतेस. आकडा सांगावा आणि गप्प बसावं. ती शांतता त्याला भरू दे.

शेवटी एक तळाचा आकडा असतोच, ज्याच्या खाली नोकरी घेण्यापेक्षा शोध चालू ठेवलेला बरा. अर्थशास्त्रात याचा मोठा अभ्यास झाला आहे, आणि शोध लांबला की हा तळ थोडाफार घसरू शकतो. तुझा तळ आजच कागदावर लिही, मन शांत असताना. खर्च, प्रवास, शिकायला काय मिळेल, सगळं धरून. पुढे तो खाली आणायची वेळ आली तर आण, त्यात कमीपणा नाही. पण विचार करून आण, एखाद्या वाईट आठवड्याच्या शेवटी नव्हे. शिकायला खूप मिळणार असेल तर कमी पगाराची नोकरी मीही घेतली असती. फक्त ती पत्करताना 'सहा महिन्यांनी फेरविचार' हे ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलं असतं. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर तोवर दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

यादी वेगळी करून झाली की मला पाठव, सीव्हीसकट. आणि त्या अर्धवट भरलेल्या दोन फॉर्ममधला आकडा मला विचारल्याशिवाय बदलू नकोस. बाबा विचारत होते, तू नीट झोपतेस ना.

तुझी,
आई