शाल नको, जीपचे भाडे द्या

मा. संपादक,
स. न.

कोल्हापुरात स्मृतिपुरस्कारांना तोटा नाही. कुणाचे वडील, कुणाचे गुरुजी, कुणाचा अकाली गेलेला मुलगा. दरवर्षी शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पाहुण्यांचे लांबलेले भाषण. त्यामागच्या भावनेबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या घरांत असा पुरस्कार ठेवण्याचा विचार चालू असेल, त्यांना एक विषय सुचवतो: भूवैज्ञानिक नकाशे, म्हणजे जमिनीत कुठे कोणता दगड आणि कोणती माती आहे ते दाखवणारे नकाशे, करणाऱ्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा फिरण्याचा खर्च.

पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्याने या नकाशांशी माझा संबंध आला. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. तालुक्याचा अंदाज घ्यायला तो पुरेसा, पण डोंगराचा कोणता तुकडा सुटेल हे त्यावरून सांगता येत नाही. पन्हाळाच घ्या. माथ्यावर जांभा, खाली थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाचे थर आणि जांभ्याच्या बुडाशी चिकणमाती. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपत खाली येते, मातीपाशी अडते आणि आडवी वाट शोधते. डोंगराच्या अंगाला झरे फुटतात ते यामुळे. पाणी फार झाले की तीच माती सरकते आणि वरच्या जांभ्याचा आधार जातो. जुलै २०२१ मध्ये गडाचा रस्ता खचला, तेव्हा हा मातीचा पट्टा नेमका कुठून कुठवर जातो हे दाखवणारा मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे अधिक बारकावे दाखवणारा नकाशा किती जणांच्या टेबलावर होता?

उपग्रह आहेत की, असे कुणी म्हणेल. पण लाव्हाच्या दोन थरांमधला विटकरी मातीचा पट्टा कधी कधी हातभरच जाडीचा असतो, त्यात वर करवंदीची जाळी. तो आकाशातून दिसत नाही. त्यासाठी ओढ्याच्या पात्रातून चढावे लागते, विहिरींत डोकवावे लागते, हातोड्याने ताजा दगड फोडून भिंगाखाली धरावा लागतो. या कामाला जीप लागते, वाट माहीत असलेला गावातला माणूस लागतो, मुक्काम पडतो. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दगडाचे पातळ छेद करून घ्यायचे पैसे वेगळे. शेतकऱ्याच्या पोराने हे कुठून आणायचे? मग तो खोलीत बसून संगणकावर होईल असा विषय घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत यासाठी सरकारी योजना आहे. १९९२ मध्ये तिथे भूवैज्ञानिक नकाशांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे विद्यार्थ्यांच्या नकाशांना निधी मिळू लागला. सरकार जेवढे देईल तेवढीच भर विद्यापीठाने घालायची, अशी अट आहे. आपल्याकडे निदान सुरुवात तरी घरगुती देणग्यांतून व्हावी. शाहू महाराजांनी या गावात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. हुशार पोराला आधी राहण्या-जेवण्याची सोय लागते हे त्यांनी ओळखले होते. (आपण जयंतीला हार घालतो आणि तेवढेच विसरतो.)

एक व्यवहाराची गोष्ट. पुरस्कार मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. पाऊस संपून गवत वाळले की दगड उघडे पडतात आणि उन्हाचा तडाखा सुरू होईपर्यंत हिंडता येते. तेव्हा पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास हातात पडावेत, तेही एकरकमी. निम्मे आधी आणि निम्मे पावत्या दाखवल्यावर, हा प्रकार नको, कारण खेड्यातला जीपवाला पावती देत नाही. निवड करणाऱ्यांत एक तरी माणूस स्वतः डोंगर हिंडलेला असावा. अर्जात गुणपत्रिकेपेक्षा आधी केलेल्या क्षेत्रकार्याची वही मागवावी. पोराला किती दिसते ते तिच्यात कळते.

आणि अट एकच ठेवावी: तयार झालेल्या नकाशाची एक प्रत त्या तालुक्याच्या पंचायत समितीत आणि एक बांधकाम उपविभागात गेली पाहिजे. रस्त्याचा उतार तोडण्याआधी कुणीतरी ती उघडून बघेल.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
राजारामपुरी, कोल्हापूर