७७७ न लावता फोल्डर उघडून देणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

एचडीएफएसवर (हडूपची अनेक मशीनवर पसरलेली फाइल-साठवण) ‘परमिशन डिनाइड’ आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: सीएचमॉड ७७७ मारा, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाका, तेही खालच्या सगळ्या फोल्डरांसकट. तुम्ही तो ठाम नाकारलात आणि आधी गेटएफएसीएल (कुणाला काय परवानगी आहे ते दाखवणारी कमांड) चालवायला लावलंत. त्याबद्दल सगळ्या टीमतर्फे मनापासून आभार.

उत्तर त्या आउटपुटमध्येच होतं. ‘यूजर:रिपोर्ट:आरडब्ल्यूएक्स’, म्हणजे रिपोर्ट या यूजरला वाचणं (आर), लिहिणं (डब्ल्यू) आणि फोल्डरात शिरणं (एक्स) मोकळं, इथेच सगळ्यांची नजर थांबत होती. तुम्ही ओळीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलंत: ‘इफेक्टिव्ह:आर-एक्स’. परवानगी दिलेली होती, पण मास्कने, म्हणजे अशा परवानग्यांवरच्या कमाल मर्यादेने, त्यातला डब्ल्यू कापला होता. फोल्डरवर एसीएल (ठरावीक यूजर-ग्रुपना वेगळी परवानगी देणारी यादी) असलं की सीएचमॉडचा मधला आकडा ग्रुपला लागत नाही, मास्कला लागतो. रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये सीएचमॉड ७५० होतं आणि त्यातला ५ (वाचणं आणि शिरणं, लिहिणं नाही) रोज मास्क आर-एक्सवर आणून ठेवायचा. सकाळी कुणीतरी पुन्हा सेटएफएसीएल (एसीएल लावणारी कमांड) दिलं की मास्क नव्याने मोजला जायचा, दिवसभर लिहिता यायचं, रात्री परत तेच. म्हणूनच दोष कधी या यूजरवर, कधी त्या जॉबवर जात राहिला. स्क्रिप्टमधली ती एक ओळ काढली आणि मास्क आरडब्ल्यूएक्स केला. बाकी कशाला हात लावावा लागला नाही.

डिफॉल्ट एसीएल नंतर तयार होणाऱ्या फाइल्सनाच लागतं, जुन्यांना सेटएफएसीएलला ‘-आर’ (खालच्या सगळ्यांसकट) हा पर्याय देऊन वेगळं लावावं लागतं, हेही तुम्ही तेव्हाच करून घेतलंत. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स हवा, नाहीतर खालची परवानगी असून नसल्यासारखी, हे तर आता तोंडपाठ झालंय.

ग्रुपबद्दलची तुमची सूचना मात्र सगळ्यात जास्त वेळ वाचवते. यूजर कोणत्या ग्रुपात आहे हे नेमनोड (एचडीएफएसमधल्या फाइल्स आणि परवानग्यांची नोंद ठेवणारा मुख्य सर्व्हर) ठरवतो. क्लायंट मशीनवर ग्रुपात नाव घालून उपयोग नाही. ‘एचडीएफएस ग्रुप्स’ या कमांडने नेमनोडला काय दिसतंय ते आधी बघायचं. तिथे जुनंच दिसलं तर कॅशेचे (नेमनोडने तात्पुरत्या साठवलेल्या माहितीचे) ३०० सेकंद थांबायचं, किंवा डीएफएसअॅडमिन या कमांडने यूजर-ग्रुपचं मॅपिंग रिफ्रेश करायचं. एका एसीएलमध्ये ३२ च नोंदी मावतात, त्यामुळे एकेक यूजर जोडत बसण्यापेक्षा ग्रुप दिलेला बरा, हेही पटलं.

आज सकाळी त्याच फोल्डरवर गेटएफएसीएल पुन्हा चालवलं. रिपोर्टच्या ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ची शेपटी नाही.

तुमची आभारी,
डेटा टीम