खणातली चार पाकिटं

मिरज,
रविवार, पहाटे

चि. सौ. अनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नावामागं ‘सौ.’ मी आज पहिल्यांदा लिहिलं. लिहिताना पेन थांबलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुमच्या लग्नाला सतरा महिने झाले.

तुझी चारही पत्रं काल रात्री वाचली. आली तशी ती मी टेबलाच्या उजव्या खणात, जुन्या नकाशाच्या पुस्तकाखाली ठेवत गेलो होतो. फाडली नाहीत, परत पाठवली नाहीत, आणि उघडलीही नाहीत. आई विचारायची, ‘काय लिहिलंय पोरीनं?’ मी म्हणायचो, ‘ठेवलंय.’ पुढं तिनं विचारणंच सोडलं. दर रविवारी सकाळी ती स्वयंपाकघराचं दार ओढून घेते आणि तुझ्याशी बोलते. दारातून शब्द कळत नाहीत, पण तिचं हसणं ऐकू येतं. त्या वेळी मी मुद्दाम अंगणात झाडांना पाणी घालत उभा राहतो.

आता हे पत्र कसं लिहावंसं वाटलं ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आता प्राध्यापक झालाय. ‘सर, आमच्या पोरांसमोर ब्राउनिंगवर तासभर बोला,’ म्हणाला. या इंग्रज कवीच्या कविता मी पंचवीस-तीस वर्षं शिकवल्या. या खेपेला ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांच्या पत्रांवर बोलावं असं मनात आलं. ती सगळी पत्रं पानापानानं छायाचित्रं काढून 2012 साली सर्वांसाठी खुली केली आहेत. मूळ पत्रं आहेत वेल्स्ली कॉलेजात, तुझ्या बोस्टनपासून वीसेक किलोमीटरवर. तीन दिवस मी संगणकासमोर बसून तीच वाचत होतो.

गोष्ट तुला ठाऊक आहे. शाळेत असताना तूच मला रात्री ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. लंडनमध्ये 50 विम्पोल स्ट्रीट या घरात वरच्या मजल्यावर एलिझाबेथ आजारी होऊन पडलेली. भाऊ 1840 साली समुद्रात बुडाला, त्याची हाय तिनं खाल्ली होती. वय अडतीस, पण कवयित्री म्हणून नाव झालेलं. तिच्या 1844 च्या संग्रहात एका कवितेत ब्राउनिंगचं कौतुकानं नाव आलं. ते वाचून त्यानं 10 जानेवारी 1845 रोजी तिला पहिलं पत्र लिहिलं. न भेटलेल्या बाईला तो पहिल्याच पत्रात लिहितो की तुमच्या कवितांवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि तुमच्यावरही. दुसऱ्याच दिवशी तिचं आभाराचं उत्तर गेलं. तिथून पुढं वीस महिन्यांत दोघांची मिळून 574 पत्रं झाली.

इतकी पत्रं शक्य झाली त्याला टपालाचाही हातभार होता. त्याआधी इंग्लंडात पत्राचे पैसे अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचे, आणि बहुतेक वेळा ते घेणाऱ्याला मोजावे लागायचे. 1840 पासून अर्ध्या औंसाचं पत्र देशात कुठंही एका पेनीत जाऊ लागलं. लंडनमध्ये टपाल दिवसातून कितीतरी वेळा वाटलं जायचं. सकाळी टाकलेल्या पत्राचं उत्तर संध्याकाळी हातात. ही दोघं लंडनच्याच परिसरात राहत होती, तरी सगळं बोलणं कागदावर. समोरासमोर पहिल्यांदा भेटली ती 20 मे 1845 रोजी. त्या भेटीनंतर त्यानं उतावीळपणे काहीतरी लिहिलं, तिनं ते पत्र परत केलं आणि त्यानं जाळून टाकलं. त्या सगळ्या पत्रव्यवहारातलं गेलेलं पत्र ते एवढंच.

पडद्यावर मी एका पाकिटाशी बराच वेळ थांबलो. ब्राउनिंग तिला भेटून आला की तिच्या पत्राच्या पाकिटावर तारीख, वेळ आणि भेटीचा आकडा टिपून ठेवायचा. त्या पाकिटावर शनिवार, 12 सप्टेंबर 1846 अशी तारीख आहे. वेळ पावणेअकरा ते सव्वाअकरा, आणि कंसात 91. ती एक्क्याण्णवावी भेट सेंट मेरिलबोन चर्चमधली, त्यांच्या लग्नाची. अर्ध्या तासात लग्न लागलं, आणि ती अंगठी काढून बापाच्या घरी परत गेली. आठवडाभर तिथं काही घडलंच नाही अशी वावरली. मग एक दिवस कुत्रा आणि मोलकरीण बरोबर घेऊन बाहेर पडली, ती थेट इटलीच्या वाटेला लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती त्याला लिहिते की तुमची पत्रं मागं ठेवून यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. म्हणजे तीच मागं राहायला तयार झाली नाहीत, यात माझा काही दोष नाही, मला रागवायचं नाही.

वर्गात मी इथंच थांबायचो. पोरं टाळ्या वाजवायची. बापाचा विषय एका वाक्यात उरकायचो, की असा असा एक हेकट, जुलमी बाप होता.

त्या बापाला बारा मुलं झाली, आणि त्यांपैकी कुणाचंही लग्न त्याला चालत नव्हतं. एलिझाबेथनं केलं, पुढं हेन्रिएटानं केलं, आल्फ्रेडनं केलं. तिघांनाही त्यानं वारसाहक्कातून काढून टाकलं. पण हाच माणूस रात्री लेकीच्या खोलीत येऊन, तिचा हात धरून तिच्यासाठी प्रार्थना करायचा. 1844 चा तो संग्रह तिनं त्यालाच अर्पण केलाय. तिला बाप नकोसा असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पाच वर्षं ती इटलीतून त्याला पत्रं लिहीत राहिली. 1851 साली नवऱ्याबरोबर लंडनला आली तेव्हा तिनं पुन्हा लिहिलं, नवऱ्यानंही लिहिलं. बापाचं जे उत्तर आलं ते कठोर होतं, आणि त्याबरोबर एक पुडकं होतं. पुडक्यात तिची पाच वर्षांची सगळी पत्रं, लाखेची मोहर एकावरचीही न मोडता.

आपल्या एका मैत्रिणीला ती लिहिते की मला सगळ्यात जास्त काय लागलं, तर त्यांतल्या काही पाकिटांना काळी किनार होती, वर काळ्या लाखेची मोहर होती. म्हणजे माझा नवरा गेला की मूल गेलं, अशी शंका त्यांना यायला हवी होती. तरी ती मोहर फोडून पाहावंसं त्यांना वाटलं नाही.

अनू, हे वाचलं आणि काळजात चर्र झालं. घड्याळात पावणेबारा झाले होते. उठलो, खण ओढला आणि नकाशाचं पुस्तक बाजूला केलं.

पाकिटं कात्रीनं उघडली, फाडवेना. टपालाच्या शिक्क्यांच्या तारखा बघून क्रमानं वाचली. पहिल्यात तू जोसेफबद्दल लिहिलंयस. त्याच्या आईबद्दल, कोट्टयमच्या घराबद्दल, आणि मला आधी का सांगितलं नाहीस त्याबद्दल. तुझं म्हणणं खरं आहे. मी ऐकूनच घेतलं नसतं. दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी करताना मिक्सरचं भांडं कसं फुटलं ते. तिसरं चारच ओळींचं. ‘बाबा, काही लिहू नका. पूर्वी पुण्याहून पाठवायचात तसं नुसतं मांजर काढून एक पोस्टकार्ड टाका. मी समजेन.’ त्या पानावर ‘बाबा’ दोनदा लिहिलंयस, पहिला शब्द पाण्यानं फुटलाय.

आणि चौथ्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन. तू लिहितेस की भूल देण्याआधी तुमचा नंबर आठवून पाहिला, तो तोंडपाठ होता म्हणून बरं वाटलं. हे पाकीट माझ्याकडं पाच महिने पडून होतं. आईला फोनवर कळलं होतं. तिनं मला सांगितलं नाही, कारण तुझं नाव घरात काढायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं. पाच महिने तिनं ती काळजी एकटीनं काढली. तुझ्या पाकिटाला काळी किनार नव्हती, एवढाच काय तो फरक.

जोसेफमध्ये खोट काढायला माझ्याजवळ काही नव्हतं. आपल्यातला नाही, लोक काय म्हणतील, मला विचारलं नाही, या सगळ्या गोष्टी मी एकात एक गुंडाळून त्याला तत्त्वाचं नाव दिलं. मग तत्त्व सांभाळत बसलो. पहिलं पत्र उघडलं नाही म्हणून दुसरं उघडता येईना, आणि दुसरं उघडलं नाही म्हणून तिसरं. अबोला असा दिवसागणिक घट्ट होत जातो. एलिझाबेथचा बाप 1857 साली गेला, तोवर त्याचं मन वळलं नाही. चार वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये तीही गेली. माझं वय आता सदुसष्ट आहे, मला इतकं थांबायचं नाही. माझं चुकलं, बाळ. तुझी आणि जोसेफची, दोघांचीही मी माफी मागतो.

ब्राउनिंगनं म्हातारपणी आपली पुष्कळशी पत्रं जाळली. ही मात्र ठेवली. त्यांच्या मुलानं लिहून ठेवलंय की वडील ती एका नक्षीच्या पेटीत ठेवायचे. पेटीत ती अगदी बरोब्बर मावायची, एकाला एक लागून, प्रत्येक पाकिटावर त्यांच्या हातचा क्रमांक. मुलानं 1899 साली ती छापली. दोघांचं इतकं आतलं बोलणं जगासमोर मांडावं का, हा प्रश्न तेव्हाही निघाला होता. मला विचारशील तर छापली ते बरं झालं. छापली नसती तर काल रात्री मी तो खण उघडलाच नसता.

तुझ्या पत्रांवर मी आज 1 ते 4 आकडे घातलेत.

आता एक काम सांगतो. वेल्स्लीच्या ग्रंथालयात त्या पत्रांबरोबर विम्पोल स्ट्रीटच्या घराचं मूळ दारही ठेवलंय, पत्र टाकायच्या पितळी फटीसकट. ब्राउनिंगची पत्रं ज्या दारातून आत पडायची, ते हे दार. एखाद्या दिवशी दोघं जाऊन या. आधी वेळ विचारून घ्या, असल्या जुन्या वस्तूंच्या दालनाच्या वेळा वेगळ्या असतात. फट केवढी आहे, किती उंचीवर आहे, ते मला कळव. विद्यार्थ्यांपुढं बोलताना मला ते सांगायचंय.

दारावरून आणखी एक आठवलं. तू आठवीत असताना आपण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात गेलो होतो. इंग्रज लेखक किपलिंगचा जन्म इथला, 1865 चा, त्याचे वडील इथं शिकवायचे, असं मी तुला सांगितलं आणि तू कैऱ्यांकडं बघत होतीस. त्याला आणि धाकट्या बहिणीला आईबापांनी 1871 मध्ये इंग्लंडात परक्यांच्या घरी ठेवलं, तेही नीट काही न सांगता. ती वर्षं त्याला फार जड गेली. सुख मिळायचं ते दर डिसेंबरात, मावशीच्या घरी. मावशीचे यजमान म्हणजे चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, लहान मुलांना गमतीची चित्रं काढून पत्रं पाठवणारे. त्या घराच्या दारावर घंटा वाजवायची नक्षीदार लोखंडी ओढ होती. पोरगा ती ओढायचा आणि सगळा आनंद आत त्याची वाट बघत असायचा. मोठेपणी स्वतःचं घर झालं तेव्हा त्यानं ती ओढ मागून आणली आणि आपल्या दाराला लावली, दुसऱ्या मुलांनाही ती वाजवताना तसंच वाटावं म्हणून.

आपल्या फाटकाची कडी गेल्या पावसाळ्यात गंजली होती. काल ती घासली, तेल घातलं. दिवाळीला या, दोघंही. जोसेफला मासे लागतात असं आई म्हणते. मी बाजारात विचारून ठेवतो.

आई उठली, चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येतोय. आज रविवार. तुझा फोन आला की स्वयंपाकघराचं दार ओढू नकोस, असं तिला सांगणार आहे.

जोसेफला अनेक आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. पाकिटात पोस्टकार्ड आहे. मांजर काढलंय.