नवस मुलांच्या मार्कांशी बांधू नका

महोदय,
दहावी-बारावीचे निकाल लागले की कुणी पेढे घेऊन देवळात येतं, कुणी डोळे पुसत. श्रद्धा असावीच. आमचं घर माळकरी, सासूबाई रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणतात. पण परीक्षेआधी हॉल तिकीट देवापुढे ठेवून, ‘नव्वद टक्के पडू देत, पायी येईन’ असं मुलांच्या देखत बोललं जातं, ते मला मनापासून खटकतं. मार्क कमी पडले की ते पोर आईबापांचंही अपराधी आणि देवाचंही. आमच्या धाकटीने बारावीत नातेवाइकांना सरळ विचारलं, “नवस तुम्ही बोललात, टेन्शन मी का घ्यायचं?” घरात शांतता पसरली. सासूबाईंनी मात्र तिला जवळ घेतलं. हरिपाठाला बस, असंही त्या म्हणाल्या नाहीत.

आळंदीहून पंढरीला चालत जाणारा वारकरी विठोबाशी सौदा करत नाही, त्याला भेटायला जातो. दर्शनाची रांग आवाक्याबाहेर असली, तर कळसाला हात जोडून माघारी फिरतो. मुलांना दाखवायची तर ही श्रद्धा दाखवा. पुणे ते सासवड हा एक टप्पा त्यांना सोबत न्या, दिवे घाटात एखाद्या थकलेल्या आजीची पिशवी उचलू द्या. मुलं नको म्हणाली तर खुशाल घरी राहू द्या, रुसू नका.

आणि निकालाच्या दिवशी आधी पोराला पोटभर जेवू घाला. देवळात संध्याकाळीही जाता येतं.

– एक आई, पुणे