प्रोबायोटिक देताना आधी पाणी आणि मका पाहा

संपादक महोदय,

कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर २०१९ मध्ये बंदी आल्यापासून कोकणातले बरेच कोंबड्यांचे शेडवाले प्रोबायोटिककडे, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जिवाणूंच्या पाकिटाकडे, वळले, पण एखाद्या बॅचनंतर ‘गुण येत नाही’ म्हणून सोडून देतात. दोष बहुधा पाकिटाचा नसतो. क्लोरीनच्या पाण्यात मिसळले की त्यातले जिवाणू टाकीतच मरतात. त्या दिवशी विहिरीचे स्वच्छ, साधे पाणी घ्यावे आणि दोन-तीन तासांत संपेल एवढेच कालवावे. गोळी खाद्यात घालायचे तर बॅसिलस जिवाणूंचे घ्या. त्याचे बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) गोळी बनवायच्या यंत्रातली उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस हा दुसरा जिवाणू सहसा टिकत नाही.

मांसासाठी विटामिन ई उपयोगी: किलो खाद्यामागे २०० मिलिग्रॅम, विक्रीआधीचे चार आठवडे. चरबी लवकर खवट होत नाही, कापल्यावर पाणीही कमी सुटते. हळद किलोमागे ५ ग्रॅम पुरे.

पण आपल्याकडे पावसाळ्यात खरा घात मका करतो. ओलावा १३ टक्क्यांवर गेला की बुरशी धरते, तिचे विष अफ्लाटॉक्सिन कोंबडीचे यकृत बिघडवते आणि वरून घातलेले सगळे वाया जाते. दाणा दाताखाली टचकन फुटला पाहिजे. नुसता दबला तर पोते परत करा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब रचा.

प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात धान्याचा ओलावा मोजायचे यंत्र ठेवावे, ही आमची पशुसंवर्धन खात्याला कळकळीची विनंती आहे.

– काही कुक्कुटपालक, चिपळूण