प्रबंधात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर नमूद करावा

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली २०१८ची आहे आणि मजकूर लिहून देणारे चॅटजीपीटी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आले ते नोव्हेंबर २०२२मध्ये. त्यामुळे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालवून घेणारी तपासणी उचललेला मजकूर पकडते, पण यंत्राने नव्याने जुळवलेली वाक्ये तिच्यातून सहज निसटतात. अलीकडेच एका प्रबंधाच्या संदर्भसूचीत नियतकालिक खरे, खंडही खरा, मात्र दिलेल्या पानावर भलताच लेख, असा यंत्राने रचलेल्या संदर्भाचा प्रकार माझ्या पाहण्यात आला. मार्गदर्शकांनी चार संदर्भ उघडून पाहिले असते, तरी हे तिथेच थांबले असते.

छत्रपती संभाजीनगर वा नांदेडच्या विद्यापीठात शिकणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी सुधारण्यासाठी या साधनाची मदत घेतली, तर त्यात मला काहीही गैर वाटत नाही. ती लपवावी लागणे मात्र वाईट.

खरी काळजी आहे ती संशोधन लोकांपर्यंत नेताना. गुलाबी बोंडअळीवरील शिफारशीचे यंत्राकडून मराठी भाषांतर करून घेताना हेक्टरी मात्रा एकरी म्हणून छापली गेली, तर शेतकरी जवळपास अडीचपट औषध फवारेल आणि भुर्दंड त्यालाच बसेल. म्हणून असा मजकूर विषयतज्ज्ञाने मूळ इंग्रजीशी ताडून, स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध करावा. तसेच कोणते साधन कशासाठी वापरले याचे निवेदन प्रत्येक प्रबंधाला जोडणे आणि मौखिक परीक्षेत मूळ नोंदवह्या मागवणे विद्यापीठांनी याच शैक्षणिक वर्षापासून सक्तीचे करावे, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, परभणी