कोटेशनवर नुसते ‘फायबर जोडणी’ नको

संपादक महोदय,

सातपूर-अंबडचे कारखाने असोत की पाथर्डी फाट्याकडच्या मोठ्या सोसायट्या, गेटवरचा कॅमेरा ऑफिसातल्या नेटवर्क स्विचला जोडायला अजूनही दीड-दोनशे मीटर कॅट-६ ओढली जाते. तांब्याच्या या केबलची मर्यादा १०० मीटर, तीही दोन्हीकडच्या पॅचकॉर्ड (जोडणीच्या छोट्या वायरी) धरून. त्यापुढे चित्र अडखळते आणि खापर कॅमेऱ्यावर फुटते. शिवाय दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबे टाकले, की वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली तरी दोन्हीकडची पोर्टे जळू शकतात. तिथे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूंचे फायबरच हवे.

फायबर तांब्याला थेट जुळत नाही. एकात प्रकाश, दुसऱ्यात वीज. दोन्ही टोकांना प्रकाशाचे विजेत आणि विजेचे प्रकाशात रूपांतर करणारा मीडिया कन्व्हर्टर लागतो आणि खरा घोळ इथेच होतो. एकाच तंतूवर चालणाऱ्या जोडीत एक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर पाठवतो व १५५० वर घेतो, दुसरा नेमका उलट. डब्यावर ए आणि बी लिहिलेले असते. दोन्ही ए आणले तर टोके कितीही पुसा, फायबरचा दिवा लागणार नाही. एकीकडे १०० एमबीपीएसचा आणि दुसरीकडे गिगाबिटचा कन्व्हर्टर लावला तरी तीच गत, कारण तांब्याच्या पोर्टासारखा इथे वेग आपोआप जुळवला जात नाही.

टोकाचा, म्हणजे कनेक्टरचा, रंगही बघावा. हिरव्या टोकाचा तंतू ८ अंशांत तिरका घासलेला असतो, निळ्याचा नसतो. हिरवे निळ्याच्या खाचेत बसते, फसगत होते ती त्यामुळेच! आत तंतू नीट भिडत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. घरच्या ब्रॉडबँडची उरलेली हिरवी पॅचकॉर्ड निळ्या पोर्टात खुपसणे म्हणूनच महागात पडते. तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. बोट लागले तर टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावे. चालू फायबरच्या टोकात मात्र डोकावू नये, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

आणखी एक, फायबरमधून कॅमेऱ्याला वीज मिळत नाही. गेटपाशी वीज आणि पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) यांची सोय आधी करावी लागते.

सोसायटीच्या कमिटीने ‘फायबर जोडणी, एकरकमी’ एवढ्यावर सही करू नये. कन्व्हर्टरची ए-बी जोडी, वेग, टोकांचा प्रकार लिहून घ्यावा आणि काम झाल्यावर दोन्ही टोकांचे पॉवर मीटरचे (पोचणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मागावेत. ते कन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेत बसले, तरच बिल द्यावे.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, नाशिक